मिसरीचा तवा आणि इन्शुलिनची सिरिंज

महिन्यातून एका रविवारी, विहारात वंदना झाल्यावर आमची आरोग्य तपासणी असते. रक्तदाब, साखर, वजन आणि बायकांसाठी बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन. एवढेच आमचे दुकान. आषाढातल्या अशाच एका रविवारी जळगावातल्या वस्तीतली एक ताई रांगेत न थांबता सरळ टेबलापाशी आली आणि तिने कापडी पिशवी आमच्यापुढे उलटी केली.

पिशवीतून निघाले ते असे. ग्लिसरीनची अर्धी बाटली. केमिकलच्या दुकानातून आणलेल्या पातळ द्रवाचा प्लास्टिकचा कॅन, त्यावर निळ्या पेनाने 'पी. जी.' लिहिलेले. केकमध्ये घालायच्या इसेन्सच्या तीन बाटल्या, त्यात एक आंब्याची. थेंब पाडायच्या टोकाच्या रिकाम्या बाटल्या. सराफ लोक मासा-रती तोलायला वापरतात तसा खिशात मावणारा डिजिटल काटा. इन्शुलिनच्या चार सिरिंजा, दोन वापरलेल्या आणि टोपण नसलेल्या. पेनासारखे एक यंत्र. आणि एक तपकिरी बाटली, तिच्या कागदावर फक्त एक आकडा वाचता येत होता, १००.

ताईचा मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा. आदल्या रात्री त्याला दरदरून घाम सुटला, तोंडाला पाणी सुटले, तीनदा उलटी झाली, छाती धडधडायला लागली. घरच्यांना वाटले बाहेरचे काही खाल्ले. पहाटे उतार पडला तेव्हा त्याने आईला पलंगाखालचा डबा दाखवला. तो ई-सिगारेट ओढत होता आणि तिच्यात भरायचे पाणी विकत घेणे परवडेना म्हणून महिनाभर घरीच बनवत होता. मोबाइलवर व्हिडिओ पाहून.

ताईच्या मागे तिची सासू उभी होती. सत्तरीची. तिने ती बाटल्यांची मांडणी पाहिली आणि म्हणाली, "असला नाद मन्हा घरमा नई पाहिजे." बोलताना तिच्या खालच्या ओठामागून काळी लाळ ओघळली. कमरेला खोचलेली मिसरीची डबी आम्हाला दिसत होती.

या घरात घरी बनवलेला निकोटीन दोन होता. त्यातला एकच पिशवीत भरून आमच्याकडे आला. म्हणून हा लेख दोन्ही सामानांवर लिहितो आहोत.

आधी नव्या सामानाचे बोलू, कारण त्याची माहिती आपल्याकडे कमी आहे. ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही. एक लहानशी तार बॅटरीवर तापते, तिच्याभोवतीचा द्रव वाफ होऊन छातीत जातो. तो द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास आणि निकोटीन. पोरांना वाटते की ही नुसती वाफ. आमच्यापुढे बसलेल्या मुलानेही तेच सांगितले, "मावशी, सिगारेट नाहीये ती, वाफ आहे." आम्ही त्याला रागावलो नाही. त्याला तपकिरी बाटलीवरचा आकडा वाचायला लावला.

शंभर म्हणजे एका मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम निकोटीन. हा आकडा किती मोठा हे समजायला वॉर्डातला हिशोब पुरतो. तंबाखू सोडणाऱ्याला डॉक्टर निकोटीनचे च्युइंगम देतात, त्यातली सौम्य गोळी २ मिलिग्रॅमची असते. म्हणजे त्या बाटलीतल्या एका मिलिलिटरमध्ये पन्नास गोळ्या. सलाईनच्या नेहमीच्या सेटमधून वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. तो हिशोब लावला तर एका थेंबात अडीच गोळ्या. हा थेंब मुलगा उघड्या हाताने काढत होता आणि बोटावर सांडला तर रुमालाला पुसत होता.

निकोटीन कातडीतून आत जाते. तंबाखूच्या शेतात ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात, त्या आजाराला ग्रीन टोबॅको सिकनेस असे नावच आहे. तिथे पानावरच्या दहिवरात उतरलेले निकोटीन पुरते. इथे तर काढून, गाळून, दाट केलेले निकोटीन बाटलीत.

मग सिरिंज. आम्ही बारा-पंधरा वर्षे वॉर्डात काढली, त्यामुळे ही गोष्ट आमच्या लगेच डोळ्यांत भरली. आपल्याकडे औषधाच्या दुकानात इन्शुलिनची जी सिरिंज सहज मिळते ती बहुधा लाल टोपणाची, चाळीस खुणांची असते. तिच्यात चाळीस खुणा भरल्या की एक मिलिलिटर होतो. परदेशी व्हिडिओत दिसते ती शंभर खुणांची. तिच्यात शंभर खुणा म्हणजे एक मिलिलिटर. व्हिडिओतला माणूस दहाव्या खुणेपर्यंत ओढतो तेव्हा त्याच्याकडे मिलिलिटरचा दहावा भाग येतो. आपला मुलगा दहाव्या खुणेपर्यंत ओढतो तेव्हा पाव मिलिलिटर येतो. अडीच पट. महिनाभर तो काट्यावर तोलत होता, काट्याची बॅटरी संपली म्हणून आदल्या दिवशी सिरिंज वापरली आणि त्याच रात्री उलट्या झाल्या. कोडे तिथेच सुटले.

ही चूक पोराचीच होते असे समजू नका. हीच गल्लत इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या घरी होते, आणि आमच्यासमोर एका वॉर्डात शिकाऊ मुलीच्या हातून होता होता राहिली होती. चाळीसच्या कुपीला चाळीसची सिरिंज, शंभरच्या पेनाला पेनाचीच सुई. घरात कोणी इन्शुलिन घेत असेल तर आजच कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का ते बघा. लेखाचा विषय हा नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिले.

आता तो कॅन. 'पी. जी.' म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल. औषधात वापरायचे वेगळे, कारखान्यात वापरायचे वेगळे. दुकानदार मोठ्या ड्रममधून लहान कॅनमध्ये ओतून देतो, तेव्हा ड्रमवर काय लिहिले होते हे घेणाऱ्याला कळत नाही. ग्लिसरीनचेही तेच. दोन्हींमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या विषाची भेसळ होऊ शकते. तेही तसेच दाट, तसेच पारदर्शक, चवीला तसेच गोड. डोळ्याने, वासाने, जिभेने ओळखू येत नाही.

महाराष्ट्राला हे चांगले माहीत असायला हवे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यावरचा आणि मेंदूवरचा दाब उतरावा म्हणून रुग्णांना ग्लिसरीन दिले गेले. त्यात हेच विष होते. मूत्रपिंडे बंद पडून चौदा जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, आणि ज्यांना ग्लिसरीन पुरवायचा अधिकारच नव्हता अशांकडून ते रुग्णालयात कसे पोचले हे त्या चौकशीत उघड झाले. आणि हे जुने झाले म्हणावे तर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा भागात, खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुले गेली. त्यातली कितीतरी नागपूरच्या रुग्णालयांत आणली होती. औषधात तेच डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. परवाना असलेल्या कारखान्याच्या बाटलीत हे घडते. मग पलंगाखालच्या डब्यातला कॅन कोणी तपासला?

राहिला वास. पोरे म्हणतात, इसेन्स तर खाण्याचा आहे. खाण्याचा आहे हे खरे, पण पोट वेगळे आणि फुप्फुस वेगळे. पोटात आम्ल असते, यकृत असते, नको ते बाहेर टाकायची सोय असते. फुप्फुसातल्या पिशव्यांचा पडदा केसापेक्षा कितीतरी पातळ. लोण्याचा वास देणारे डायॲसिटिल खाण्यात चालते, पण अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ श्वासात गेलेल्या कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या आकसल्या. तेलात कालवलेला वास तर ओढूच नये. २०१९ साली अमेरिकेत ई-सिगारेट ओढणारी तरणीताठी मुले धाप लागून दवाखान्यात भरती व्हायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य कारण निघाले व्हिटॅमिन ई ॲसिटेट. गांजाच्या अर्काचा द्रव दाट दिसावा म्हणून बाजारात कोणीतरी ते कालवत होते. गोळीतून पोटात गेले तर बिनत्रासाचे आणि छातीत गेले तर जीव घेणारे.

या सगळ्यात सर्वांत जास्त भीती आम्हाला लहान लेकरांची वाटते. आंब्याचा वास येणारी, थेंब पाडायच्या टोकाची बाटली खोलीभर घरात कुठे ठेवणार? अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात, २०१४ च्या डिसेंबरात एका वर्षाचे बाळ असेच निकोटीनचे पाणी पिऊन गेले. त्यानंतर तिथे लहान मुलांना उघडता येणार नाही असे झाकण सक्तीचे झाले. युरोपात ही वस्तू कायद्याने विकता येते, पण तिथेही ग्राहकाला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कडक द्रव विकता येत नाही आणि बाटली १० मिलिलिटरहून मोठी चालत नाही. आमच्यापुढची बाटली त्याच्या पाचपट कडक होती.

भारतात तर सगळेच बंद आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. बनवणे, आणणे, विकणे, वाटणे, साठवणे, जाहिरात करणे, सगळ्याला मनाई. बनवण्या-विकण्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवून ठेवण्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनवणे या शब्दात यंत्राने बनवणे आले तसे हाताने बनवणेही आले. नुसत्या ओढणाऱ्याला या कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, पण हा मुलगा आता दोन मित्रांनाही बाटल्या भरून देत होता आणि त्याचे पैसे घेत होता. आपल्या वस्तीतल्या पोराला पोलीस ठाण्यात कोणत्या नजरेने बघतात हे आम्ही वाचकांना सांगायची गरज नाही. हे ऐकल्यावर मात्र तो पहिल्यांदा गप्प बसला.

आजी एवढा वेळ ऐकत होती. आम्ही तिच्याकडे वळलो आणि विचारले, आजी, तुमची मिसरी कुठे भाजता?

मिसरीचे सामान आमच्या वाचकांना पाठ आहे. कोणी मशेरी म्हणते, कोणी मिश्री. भाकरीसाठी निकामी झालेला जुना तवा किंवा पत्र्याचा तुकडा. तंबाखूची पाने, नाहीतर दुकानातली पुडी. हलवायला लाकडी उलथने. कुटायला खलबत्ता, नाही तर पाटा-वरवंटा. गाळायला जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि ठेवायला डबी. पूर्वी ही डबी पितळेची असे, आता बामची रिकामी. नवीन सुनेला सासू पहिल्यांदा आच कशी ठेवायची ते शिकवते. कमी भाजली तर भोवळ आणते, जास्त भाजली तर राख होते. चुलीवर तवा काळा झाला की सगळ्या घराला ठसका लागतो, शेजारची बाई ओरडते, "मिसरी भाजी राहिनी काय व?" आणि मग दोघी हसतात. अमळनेर-चोपड्याकडे, साक्री-शिंदखेड्याकडे, आम्ही जिथे जिथे तपासणी घेतली तिथे हे चित्र आहे. कुठे मिसरीऐवजी तपकीर दाताला लावतात, कुठे गुल.

आमच्यातल्या एकीने नर्सिंगच्या होस्टेलवर असताना दोन वर्षे मिसरी लावली. रात्रपाळी संपली की दात घासायच्या नावाखाली, नळावर. नाव सांगत नाही, तिनेच लिहा म्हणून सांगितले आहे. त्यामुळे मिसरी लावणाऱ्या बाईला अडाणी म्हणायचा आम्हाला अधिकार नाही, आणि कोणालाच नाही.

बाई मिसरी का लावते? दाढ दुखते म्हणून लावते. कापूस वेचायला सकाळी सहाला निघायचे, पोटात काही नसते, भूक मरते म्हणून लावते. शौचाला बसायला आडोसा मिळायचा तो अंधारातच, त्या वेळेला पोट साफ व्हावे म्हणून लावते. आजीने आम्हाला हेच सांगितले, "मिसरी लावाबिगर पोट साफ व्हत नई, माय." ज्या बाईला दातांचा डॉक्टर, सकाळची भाकरी आणि दाराचे शौचालय या तीन गोष्टी वेळेत मिळाल्या नाहीत तिने दहा पैशांची मिसरी शोधली. पुढे ही तीनही दुखणी असोत-नसोत, निकोटीन तिला सोडत नाही.

भाजल्याने तंबाखूतला दोष जळून जातो असा एक समज घरोघरी आहे. तो खोटा आहे. तंबाखू सुकवताना-मुरवताना त्यात नायट्रोसामीन नावाची कर्करोग आणणारी द्रव्ये तयार होतात, ती तव्यावर नाहीशी होत नाहीत. उलट करपताना बेंझोपायरीनसारखी आणखी काही तयार होतात, जी विडीच्या धुरात असतात तीच. निकोटीनही उरतेच, नाहीतर सवय लागली नसती. धूर न काढता वापरायचा तंबाखू माणसाला कर्करोग करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नि:संशय ठरवले आहे. आणि महाराष्ट्राचा खरा प्रश्न हाच तंबाखू आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत राज्यातल्या शंभर प्रौढांमागे सुमारे सत्तावीस जण तंबाखू घेणारे निघाले, आणि तोंडात ठेवायचा तंबाखू घेणारे सुमारे चोवीस. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. मिसरीला बंदी कोण घालणार, ती तर चुलीवर होते.

गरोदर बायांबद्दल एक अभ्यास आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. मुंबईत बाराशेहून अधिक गरोदर बायांची नोंद ठेवून केलेला, २००४ साली छापून आलेला. त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बहुतेक बाया मिसरी लावणाऱ्याच होत्या. त्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. ऐकणारीला वाटते, शंभर ग्रॅम म्हणजे काय, एक बिस्किटाचा पुडा. आम्ही प्रसूतीच्या वॉर्डात काम केले आहे. तिथे अडीच किलोची रेघ असते. २,५४० भरलेले बाळ आईच्या कुशीत जाते. त्यातून शंभर ग्रॅम वजा झाले की ते कमी वजनाचे ठरते, त्याला ऊब द्यायची धावपळ, दूध ओढायला ते थकते, पहिल्या महिन्यात जंतुसंसर्गाची भीती. आपल्या बायांचे रक्त आधीच कमी. त्यातून हे शंभर ग्रॅम जातात.

आणि भाजतानाचा धूर? तो चुलीपाशी खेळणाऱ्या लेकराच्या छातीत जातो. एकदा आमच्या वॉर्डात दीड वर्षाची मुलगी आली होती, डबी उघडून मिसरी चाटलेली. लाळ, घाम, उलट्या, डोळे जड. पलंगाखालच्या बाटलीने त्या मुलाला जे झाले, तेच. वाचली ती. आजी तिच्या उशाशी रात्रभर बसून होती, पण सकाळी तिच्याही कमरेला दुसरी डबी होती. तेव्हा आम्ही तिच्यावर फार बोललो. आज वाटते, बोलायचे नव्हते, तिच्या दाढा बघायच्या होत्या.

म्हणून त्या रविवारी आम्ही आजीला खुर्चीवर बसवून मोबाइलच्या उजेडात तोंड पाहिले. हे कोणालाही करता येते, आरसा आणि उजेड पुरे. आधी खळखळून चूळ भरायची. ओठ उलटे करून आतली बाजू पाहायची, विशेषतः जिथे मिसरी धरून ठेवतो ती जागा. दोन्ही गाल बोटाने ओढून आतून पाहायचे. जीभ वर, जीभ बाहेर, जीभ दोन्हीकडे. पांढरा चट्टा जो पुसून जात नाही, लाल मखमली डाग, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, हलणारा दात, तिखट लागले की आग, तोंड पूर्ण न उघडणे. यातले एकही दिसले तर थांबू नका. चट्ट्यावर इलाज सोपा असतो. आजीच्या खालच्या हिरडीपाशी सुरकुतलेला पांढरट चट्टा होता, आणि तीन दाढा किडून मुळापर्यंत गेलेल्या. दुखणे दाबायला मिसरी, मिसरीने दाबलेले दुखणे आत वाढत राहिलेले.

धुळ्याला लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला लोक जमतात, १९३७ साली बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते म्हणून. तिथे आम्ही एका वर्षी हाच आरसा घेऊन बसलो होतो. बाया हसत हसत बसल्या, तोंड उघडले. पुरुष बसेनात. खिशातली चुन्याची डबी कोणाला दाखवायची नव्हती. पंचशील घेताना पाचवे शील आपण मोठ्याने म्हणतो आणि मनात दारूचाच अर्थ धरतो. तंबाखू कुणाच्या ध्यानातच येत नाही. चुन्याचे एक सांगून ठेवतो. चुना घातला की तोंडातले निकोटीन भराभर रक्तात उतरते, म्हणून तर चुना घालतात. आणि तोच चुना गालाची आतली कातडी भाजून काढतो.

आता काय करायचे. अंगावर निकोटीनचे पाणी सांडले तर कपडे काढून वाहत्या पाण्याखाली साबणाने बराच वेळ धुवा. डोळ्यात गेले तर पंधरा-वीस मिनिटे पाणी मारत राहा. कोणी गिळले, पाणी असो की मिसरी, तर बोट घालून उलटी काढू नका, मीठपाणी पाजू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली किंवा डबी सोबत न्या, डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो. गुंगी, झटके, मंद श्वास दिसला तर एक मिनिटही घालवू नका. आणि आदल्या रात्री या मुलाच्या घरच्यांनी केले तसे पहाटेपर्यंत वाट पाहू नका.

सोडायचे म्हटले तर पहिले तीन-चार दिवस कठीण. चिडचिड, डोके जड, झोप नाही, बद्धकोष्ठ. मिसरीवाल्या बायांना बद्धकोष्ठाचीच धास्ती जास्त, म्हणून आम्ही आधी त्याचीच तजवीज सांगतो. रात्री भिजवलेले मनुके, सकाळी उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, जेवणात कोंड्यासकट भाकरी आणि पालेभाजी, ठरलेल्या वेळेला बसणे. आठ-दहा दिवसांत पोट आपले आपण लागते. दाढेचा इलाज त्याच आठवड्यात करून घ्यायचा, नाहीतर कळ आली की हात डबीकडे जाणारच. घरात भाजणे बंद. तवा घरात असेपर्यंत हात जातो, हे आमच्या त्या मैत्रिणीचे सांगणे. तल्लफ पाच-सात मिनिटांची असते, तेवढा वेळ बडीशेप चघळा, कोणाशी बोला, बाहेर पडा. निकोटीनचे २ मिलिग्रॅमचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते, पण गरोदर बायांनी आणि हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. सरकारची मोफत क्विटलाईन आहे, १८००-११-२३५६. जिल्हा पातळीवर सरकारी रुग्णालयात तंबाखूमुक्तीचा सल्ला मिळतो, जळगाव आणि धुळे दोन्हीकडे केसपेपर काढतानाच विचारा. कोणी टोलवले तर आम्हाला सांगा, आम्ही सोबत येतो.

आजीला आम्ही त्याच मंगळवारी दातांच्या विभागात नेले. दोन दाढा निघाल्या, तिसरी पुढच्या खेपेला. चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला, त्यात कर्करोग नाही असे आले, पण दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितले आहे. दिवसातून पाचदा लावायची ती आता सकाळची एकदा लावते. भाजणे बंद झाले आहे, ही एकदाची कुठून येते ते ती सांगत नाही. नातवाने यंत्र आमच्याकडे दिले नाही. मित्राला परत केले म्हणतो. रात्री अभ्यासाच्या वेळी च्युइंगम खातो आणि आजीच्या तारखा त्याच्या मोबाइलमध्ये आहेत, तोच तिला घेऊन येतो.

पिशवीतल्या वस्तूंचे काय केले, असे ताईने विचारले होते. कोणाच्याही घरी असे सामान निघाले तर हाच मार्ग धरा. तपकिरी बाटली मोरीत ओतू नका, कचरागाडीत टाकू नका. हातमोजे घालून झाकण घट्ट करा, पिशवीत बांधा, वर ठळक 'विष' लिहा आणि सरकारी रुग्णालयाच्या औषध विभागात विचारून द्या. सुईसकट सिरिंजा जाड प्लास्टिकच्या, भोक पडणार नाही अशा बंद डब्यात घालून द्यायच्या. रुग्णालयात त्यासाठी पांढरा डबा असतो. सफाई करणाऱ्या माणसाच्या हातात ती उघडी सुई जाऊ नये. तो माणूस बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. काटा तेवढा आम्ही ठेवून घेतला, नवी बॅटरी टाकून. वस्तीतल्या अंगणवाडीत मीठ-साखरेचे पाणी शिकवताना मीठ तोलून दाखवायला तो उपयोगी पडतो.